ड्रमरचं पान

पितृपक्षात आई दरवर्षी माझ्या धाकट्या भावाचं, तिलकचं, पान वाढायची. यंदा तिनं दोन वाढली. “दुसरं कोनाचं वं माय?” “तिलकच्या कॅसेटवरच्या गोऱ्याचं. तो मेला म्हनून तूच तं पेपरातून वाचून दाखवलं.” कॅसेट लावून त्या विलायती बँडच्या ड्रमरसोबत तिलक दिवसभर तेलाचे डबे बडवायचा. बारावीची परीक्षा तोंडावर आली तेव्हा आईनं वैतागून त्याच्या ड्रमच्या काड्या धानाच्या कोठीत लपवल्या. नव्या आणायला तो सौंदडहून मोटारसायकलनं गोंदियाला निघाला आणि वाटेतच ट्रकखाली आला. नंतर नऊ वर्षं घरात त्या काड्यांचं नाव कुणी काढलं नाही. आज आईनं त्या पदरानं पुसल्या आणि गोऱ्याच्या पानाजवळ ठेवल्या. “काड्या तिलकच्या ना? मंग तिकडे काऊन ठेवल्या?” तिनं मान वर केली नाही. “याच्या हातानं पाठवून राहिली. माह्या हातून तो घेनार नाही.”