हलता कामा नये

“झूम केल्यावर कॅमेरा तसूभरही खाली झुकायला नको, असं ट्रायपॉडचं हेड द्या,” गिऱ्हाईक म्हणालं. त्याच्या घरासमोरच्या इमारतीत पोपटांचं घरटं होतं म्हणे.

वृषालीला चोखंदळ गिऱ्हाईक आवडायचं. वजनाने झुकणारं बॉल हेड तिने स्वतःच बाजूला सारलं. दोन दांड्यांचं हेड ट्रायपॉडवर चढवलं, त्याच्या छोट्या कॅमेऱ्याखाली प्लेट लावून स्क्रू करकचून आवळला.

“आता भूकंप झाला तरी हलणार नाही!”

कॅमेरा बसवताना कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवर फोटो उमटला. तिच्याच घराची गॅलरी, वाळत घातलेली तिची अबोली साडी आणि शेजारी केस पुसत उभी असलेली तिची लेक.

“झकास बसलंय,” तो हसला. “तुम्ही आठपर्यंत दुकानातच असता ना?”