जीवेचं परावर्तन

त्र्यंबक मास्तरांनी "हिच्या डोक्यात काही शिरत नाही" म्हणत प्रमोदिनीला कसबा बावड्याला माहेरी आणून टाकलं, त्याला बारा वर्षं झाली होती. तिथं राहून ती शिकली, गणिताची बाई झाली आणि १९७४च्या मे महिन्यात कोल्हापुरात नव्या भूमितीच्या शिबिरात चाळीस मास्तरांना शिकवायला उभी राहिली. शेवटच्या बाकावर नवरा मान खाली घालून बसला होता. जन्मात कधी न घेतलेलं त्याचं नाव तिनं खणखणीत घेतलं, "त्र्यंबक पाटणकर, फळ्याकडं या. या वर्तुळाच्या व्यासाला आरसा मानून या तिरप्या जीवेचं परावर्तन काढा." त्यानं जीवा नुसतीच खाली सरकवली. "हे स्थानांतरण झालं. आरशात उलटं दिसतं." बाकीचे मास्तर हसले. तो पुटपुटला, "सगळ्यांसमोर कशाला? एकांतात विचारायचंस." "एकांतात विचारायला घर कुठं ठेवलंत?" तिनं त्याची जीवा पुसली. "काढा. जमेपर्यंत बसायचं नाही."