पूर्णविरामासकट

नीरजा प्रत्येक कायदा स्वल्पविरामासकट मोठ्यानं वाचायची आणि मी पडद्यावरची प्रत ताडून बघायचो. देशाचे सगळे कायदे कुणालाही फुकट वाचता यावेत म्हणून आम्ही ते इंटरनेटवर चढवत होतो. खिडकीखाली पेरू विकणाऱ्या सगुणामावशी ओरडायच्या, "पोरांनो, तुमच्या स्वल्पविरामाला गिऱ्हाईक हसतंय!"

सोमवारी पालिकेचा ट्रक आला. त्यातून उतरलेल्या दोघा कामगारांनी मावशींची हातगाडी उचलली.

मावशींनी चाक घट्ट धरलं. "सर्वेक्षण पूर्ण होऊन स्वल्पविराम विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत स्वल्पविराम कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता येणार नाही पूर्णविराम!"

ट्रकसोबत आलेला अधिकारी हसला. "हे काय नवीन?"

"कायदा. या खिडकीखाली शिकले. मोबाइल काढा साहेब, फुकट दिसतो."

त्यानं खरंच काढला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. दोन्ही स्वल्पविरामांपाशी क्षणभर थांबले. मग त्यानं हातगाडी खाली ठेवायला सांगितली.

तीनशे कायदे तपासले होते मी. एका वाक्यानं ट्रक रिकामा परत जाताना पहिल्यांदाच पाहिला.

मावशींनी चाक सोडलं.

"नीरजा," त्या वर बघून म्हणाल्या, "पुढचं वाच गं."