सीटखालचा उजेड

"ताई, डोळे आहेत की बटणं? उजेड इकडे धर!"

गाडीच्या सीटखाली डोकं घालून आडवा पडलेला वायरिंगवाला ओरडला. टॉर्च धरून बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने उजेड जरासा सरकवला. तिच्यावर तोंडसुख घेणं रोजचंच होतं. आज तर गिऱ्हाईक समोर उभं, मग काय विचारता!

गिऱ्हाईकही तापलेलंच होतं. घरातल्या प्रत्येकासाठी किती पुढे-मागे सरकायचं ते लक्षात ठेवणारी ती ड्रायव्हरची सीट. पण चार दिवस झाले, त्याने स्वतःचं बटण दाबलं तरी ती त्याच्या बायकोच्या मापाने पुढे सरकायची आणि त्याचं पोट स्टिअरिंगवर दाबायची. सीटखालचा कनेक्टर वितळला होता. तो कापून आता एकेक वायर नव्या कनेक्टरला जोडायची होती. लाल वायरीतून थेट बॅटरीचा करंट. ती चुकून हिरवीच्या जागी गेली, की सीटचा मेंदूच जळाला म्हणून समजा.

"काही जळलं तर तुमचं दुकान बंद करीन," गिऱ्हाईकाने दम दिला.

"या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, साहेब. हिचा मात्र हात लहानपणापासून एका जागी ठरत नाही."

उजेड एका वायरीवर जाऊन थांबला. त्याने ती उचलली, सोलली, जोडली. उजेड पुढच्या वायरीवर गेला.

"हललीस परत? टॉर्च धरायलासुद्धा अक्कल लागते! भांडी घासत बस घरी."

गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. भावाच्या शिव्या ताईच्या अंगवळणी पडल्या होत्या, पण परक्याचं ते हसू तिच्या फार जिव्हारी लागलं.

"तुझं तू बघ आता," ती म्हणाली आणि टॉर्च खाली ठेवून उठली.

"जा, जा! तुझ्यावाचून काही अडत नाही माझं!"

ती खरंच गेली. वळूनही पाहिलं नाही तिने.

गिऱ्हाईकाला बरंच वाटलं. त्याने स्वतः टॉर्च उचलला आणि हात घट्ट रोवून सीटखाली झोत टाकला. उरलेल्या दोन्ही वायरी लख्ख दिसू लागल्या.

"हं, करा आता."

वायरिंगवाला दोन्ही वायरी बोटांत धरून पडून राहिला. कधी ही वायर डोळ्यांजवळ नेई, कधी ती.

"अहो, थांबलात का?"

"साहेब," सीटखालून बारीक आवाज आला, "यातली लाल कोणती?"