आरशातले हात

विमान अपघातात मोडलेला मणका जुळला, डॉक्टरांनी उड्डाणाची परवानगी दिली, तरी मी हवाई तळावर रेल्वेनेच परतणार होते. पण मला न्यायला दोन आसनांचं लढाऊ विमान आलं आणि सोबत माझाच जुना विद्यार्थी. मी मागच्या आसनाकडे वळले. “मॅडम, तुम्ही पुढे. विमान तुम्हीच न्यायचं.” “अरे, मणका जुळलाय, हिंमत नाही.” “मी आहे ना मागे!” तेवढ्या भरवशावर निघाले. वाटेत, मागचं आसन दाखवणाऱ्या समोरच्या आरशात एकदाही पाहिलं नाही. विमान मागच्या आसनावरूनही चालवता येतं; तोच चालवतोय, अशी मनाची समजूत घातली होती. उतरताना आडवा वारा आला, विमान डगमगलं, सावरलं, चाकं अलगद टेकली. “छान सांभाळलंस,” मी म्हणाले आणि आरशात पाहिलं. त्याचे दोन्ही हात वर होते, त्याला शिकवताना मी धरायचे तसे. “मॅडम, आता खाली घेऊ? निघाल्यापासून वरच आहेत, मुंग्या आल्यात.”