सरासरी प्रतीक्षा

"चार वाजत आले. आता येईल बघा मौनीबाबा," पर्यवेक्षक तिला म्हणाली.

"तक्रार काय त्याची?" पडद्यावरून नजर न काढता तिने विचारलं.

"तक्रार असती तर सोडवली नसती का, ताई? रोज चारला फोन. तोही फ्रिजच्या जुन्या मॉडेलांच्या रांगेत, जिथे आपला एकच माणूस आहे. बारा-पंधरा मिनिटं निमूट थांबतो आणि आपण 'नमस्कार' म्हटलं की खट्कन ठेवतो. तुमची टेप तोंडपाठ झाली असेल त्याला!"

सगळे हसले. तीही हसली. नऊ वर्षांपूर्वी ती इथे नोकरीला लागली, तेव्हा बाहेरचा कलाकार महाग पडतो म्हणून रांगेतल्या ग्राहकांसाठीचा संदेश तिच्याकडूनच वाचून घेतला होता. सामानाच्या खोलीत, फ्रिजच्या रिकाम्या खोक्यांमध्ये उभं करून. आता ती या सेवा केंद्राची प्रमुख होती.

मौनीबाबा कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गोपनीयतेच्या नियमामुळे पडद्यावर नाव किंवा नंबर येत नसे, फक्त ग्राहक क्रमांक येई. पण त्या रांगेत दिवसाला मोजकेच फोन येत, त्यामुळे त्याच्या पंधरा मिनिटांनी जुन्या मॉडेलांची सरासरी पार बिघडत होती, आणि मुख्यालयाला प्रतीक्षा दोन मिनिटांच्या आत हवी होती.

"त्याला रांगेत ठेवूच नका," ती म्हणाली. "क्रमांकावर खूण करा. आला की पहिल्या घंटीला उचला."

"एवढी बडदास्त?"

"कटकट तरी मिटेल."

चारला फोन आला. पहिल्या घंटीला उचलला. पलीकडून ठेवला गेला. दोन मिनिटांनी परत आला. परत उचलला, परत ठेवला गेला. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळेनंतर पर्यवेक्षक धावतच आली.

"ताई, बोलला! म्हणतो कसा, 'मला जरा पूर्वीसारखं थांबवून ठेवाल का?'"

"रांगेत उभं राहायची हौस! एकेक नग असतात," कुणीतरी म्हणालं.

साडेचारला तिचा मोबाइल वाजला. बाबा. ऑफिसच्या वेळेत ते कधी फोन करत नसत.

"काही तातडीचं आहे का, बाबा?"

"छे, छे. सहज केला."

"तब्येत?"

"तुझ्या कंपनीच्या फ्रिजसारखी. कोपऱ्यात गार बसून असतो, कुरकुर नाही."

"रविवारी येते मी. नक्की."

"ये. जमलं तर. लगेच ठेवतेस?"

"पाचला मीटिंग आहे. नंतर बोलते."

"बरं, बरं. कर तू काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

आईवडील गेले तर तीन दिवसांची रजा मिळे. चौथ्या दिवशी ती जागेवर होती. तिचे वरचे साहेब टेबलाशी आले, "वाईट झालं" म्हणाले आणि मग त्यांनी कागद पुढे सरकवला. जुन्या मॉडेलांच्या प्रतीक्षेची रेघ अकरा मिनिटांवरून दीडवर आली होती. मुख्यालयाकडून खास अभिनंदन होतं. टाळ्या वाजल्या. या रेघेपायी किती रविवार गेले, हे तिने मनात मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. रेघ खाली आल्याने नेमकं कुणाचं भलं झालं, असं कुणी विचारलं असतं तर तिला एकही माणूस आठवला नसता.

रविवारी ती वडिलांच्या घरी गेली. जागा रिकामी करून द्यायची होती. तिने फ्रिज बंद केला, आतलं दूध ओतून दिलं. मग बाहेरच्या खोलीत आली. लँडलाइनजवळ खुर्ची ओढलेली होती. स्टुलावर त्यांचा चष्मा होता, तळाशी चहा वाळलेला कप होता.

तिने रिसीव्हर उचलला. शेवटचा फोन आपल्यालाच केला असणार. तिने पुन्हा डायल करायचं बटण दाबलं आणि हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली.

मोबाइल वाजला नाही. पलीकडे पहिल्याच घंटीला कुणीतरी उचललं.

"नमस्कार! सेवा केंद्र, जुनी मॉडेलं. बोला."

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"बोला की, आजोबा. बऱ्याच दिवसांनी आलात. आमच्या ताईंचा हुकूमच आहे, तुम्हाला अजिबात थांबवायचं नाही."

"थांबवा," ती म्हणाली. "थांबवून ठेवा मला. पूर्वीसारखं."

खट् असा आवाज झाला. मग खोक्यांमध्ये उभी असलेली, नुकती नोकरीला लागलेली एक मुलगी हसऱ्या आवाजात म्हणाली, "कृपया थोडं थांबा. आम्हाला तुमच्याशी बोलायचं आहे."

ती त्यांच्या खुर्चीत बसली.

"थांबा ना, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचंय."