कोपरापर्यंत

गोपाळकृष्णपंतांच्या भित्रेपणात खुशालराव दलालांचा अकरा बोऱ्यांचा फायदा होता. सध्या मात्र तोच भित्रेपणा त्यांना सगळ्या एकशे नव्वद बोऱ्यांना पडत होता, आणि हे काही त्यांच्या हिशेबात नव्हतं.

पंत मुंबईच्या एका पेढीचे पारखी. पुण्याच्या पेठेतून थेट या परमुलखात, अकोटात येऊन पडलेले. काम सोपं होतं. प्रत्येक बोऱ्याची शिवण उसवायची, खांद्यापर्यंत हात आत घालायचा, मुठीत कापूसच येतो की आणखी काही ते पाहायचं, आणि मग रवाना-चिठ्ठीवर सही करायची. पण सरकीमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप, हे पंतांना पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं. कुणीतरी म्हणजे खुशालरावांनीच.

अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला असा भाव आला होता की दगडही कापसाच्या दरानं खपावा. खुशालरावांनी अकरा बोऱ्यांच्या पोटात दगड आणि ओली सरकी भरून ठेवली होती. भित्रा पारखी वरवर चाचपून पुढे जाईल, एवढीच त्यांची अपेक्षा. पकडले गेले तर पेढीचा नियम एकच होता: त्या दलालाशी व्यवहार कायमचा बंद.

पण पंत चाचपायलाही तयार होईनात. कोठाराच्या उंबऱ्याशी उभं राहून ते आत डोकावत, घाम पुसत आणि बिऱ्हाडी परतत. पाठीवर जानवं सरकलं तरी दचकत.

"पंत, थे दोरी व्हय," खुशालराव म्हणत.

"हलली."

"तुमीच पाय देल्ला तिच्यावर."

"मग काढा तिला इथून."

दोरी काढली की मग झाडू, झाडू काढला की बैलाचा चाबूक. असे सतरा दिवस गेले. लढाई संपली की भाव कोसळणार, हे गाडीवानांनासुद्धा ठाऊक होतं. शेवटी खुशालराव कातावले आणि थोरल्या बहिणीकडे गेले. मैनाबाई सरकी काढणाऱ्या बायांवर देखरेख करीत. कोठारात शिरलेली धामण शेपटीला धरून बाहेर सोडताना त्यांना साऱ्या अकोटानं पाहिलं होतं.

"बाई, या पुणेकराचं भेव काढ. पन सारं नको. कोपरापर्यंत हात गेला पायजे. खांद्यापर्यंत नको."

"भेव काय मापानं काढता येते?"

"तू काढून तं पाह्य."

मैनाबाईंनी पंतांना कोठाराबाहेरच्या चौथऱ्यावर बसवलं आणि त्यांच्या मांडीवर धामणीची कात टाकली. पंत बेशुद्ध पडले. दुसऱ्या दिवशी नुसते ओरडले. चौथ्या दिवशी रडवेले झाले. आठव्या दिवशी कात हातात धरून म्हणाले, "कागदासारखी आहे."

"मंग काहून भेऊन राहिले होते?"

"आत साप असतो ना."

"नाव नोका घेऊ," मैनाबाई वैतागल्या. "जनावर म्हना. लेकरूबी जनावर म्हनते. खरंच समोर आलं तं इथं कोनाच्या तोंडून दुसरा शब्दच निघत नाही."

पंतांनी मान डोलावली. माणूस मन लावून शिकणारा होता. तिसऱ्या आठवड्यात मैनाबाईंनी जिवंत धामण आणली.

"हे तुमाले भेते, तुमी हिले भेता. मधातल्या मधात माह्या बाया रिकाम्या बसून राहिल्या. लावा हात."

पंतांनी डोळे मिटून एक बोट लावलं. मग एक डोळा उघडला. मग दुसरा.

"झालं का?" खुशालराव रोज विचारत. "हात किती आत जाते?"

"मी शिकोलं. किती शिकले थे त्याईलेच माहीत."

तपासणीच्या सकाळी पंत ओठ मिटून कोठारात शिरले. पहिल्या बोऱ्यात हात कोपरापर्यंत गेला. खुशालरावांनी सुस्कारा सोडला. सातव्या बोऱ्यात तो खांद्यापर्यंत गेला आणि सुस्कारा परत आत गेला. पुढचाच बोरा दगडाचा होता.

"थांबा, पंत," पुणेकराला नीट कळावं म्हणून खुशालराव एकेक अक्षर मोकळं करून बोलले. "साप हाये याच्यात. आत्ता आत गेला."

पंत तीन हात मागे उडाले.

"नक्की?"

"शेपूट पाह्यलं ना मी."

"मग हा तुमच्या शब्दावर," म्हणत पंतांनी वहीत बोऱ्याचा आकडा टिपला आणि पुढचा बोरा गाठला.

असं दुपारपर्यंत अकरा वेळा झालं. प्रत्येक वेळी पंत किंचाळले, प्रत्येक वेळी आकडा टिपला. शेवटच्या खेपेला तर ते थेट अंगणात पळाले आणि गाडीवान पोट धरून हसले. खुशालरावांनी त्यांना स्वतः गूळ-पाणी आणून दिलं.

बोरे गाड्यांवर चढू लागले. पंत चौथऱ्यावर चिठ्ठी पुढ्यात घेऊन बसले. सही तेवढी बाकी होती. इतक्यात हमालांनी कोपऱ्यातला एक बोरा उचलला आणि त्याखालून काळंभोर काहीतरी सळसळत निघालं, ते सरळ चौथऱ्याकडे. हमाल पांगले. खुशालराव धोतर सावरत एका उडीत गाडीवर चढले.

"जनावर," ते गाडीवरून ओरडले. "पंत, जनावर."

पंतांनी पाय हलवला नाही. ते लांबलचक अंग त्यांच्या पावलावरून सरकत चौथऱ्यामागे दिसेनासं होईपर्यंत ते लेखणी धरून बसून राहिले. मग त्यांनी ती दौतीत बुडवली.

"आत्ता जनावर म्हणालात, खुशालराव," ते म्हणाले. "सकाळपासून अकरा वेळा साप म्हणालात. एकशे एकोणऐंशी बोरे मी तपासले. अकरा तुम्ही तपासून दिलेत. त्यांचे आकडे वहीत आहेत; ते आधी गाडीवरून उतरवा, मग सही."